कांद्याचं सूप आणि कडक भाकरी

"आज फ्रेंच जेवण!" असं मी जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मग भाकरी किती थापायच्या?"

प्रश्न रास्तच होता. आमच्या सोलापुरात जेवण म्हणजे तव्यावरची भाकरी थेट ताटात. पण ती गरम वाढायची तर कुणीतरी शेगडीपाशी उभं राहायलाच हवं. आधी ते 'कुणीतरी' म्हणजे सासूबाई, त्यांचे गुडघे दुखू लागल्यावर मी. लेक नोकरीसाठी पुण्यात असते. परवा सुट्टीला आली, तेव्हा म्हणाली, "आई, मी येते ती तुझ्या पाठीशीच गप्पा मारायला. आपण एका पंगतीला बसलो कधी?" तो शब्द लागला.

फ्रेंच जेवण म्हणजे काटे-चमचे आणि अवघड नावं, अशी आपली समजूत. पण २०१० साली युनेस्कोनं फ्रेंचांच्या जेवणपद्धतीला सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तो एकत्र बसून, एकामागून एक पदार्थ चवीनं खाण्याच्या रीतीला. शिवाय त्यांचे घरगुती पदार्थ आधी करून ठेवता येतात. म्हणजे स्वयंपाक करणारीलाही बसता येतं!

पहिलं कांद्याचं सूप. पॅरिसच्या ले आल या जुन्या बाजारात पहाटे हमालही ते पीत. तो बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर हलला, सूप राहिलं. आपली बाजार समितीही कांद्यासाठीच नावाजलेली, तेव्हा कांद्याला काय तोटा? किलोभर कांदे पातळ चिरून लोण्यावर मंद आचेवर परतले. पुस्तकं दहा मिनिटं सांगतात. विश्वास ठेवू नका, पाऊण तास लागतो. कांदा गुळासारखा तांबूस झाला की भाज्या उकळलेलं पाणी घालायचं. मुळात मांसाचा अर्क असतो, पण आमचं घर शाकाहारी. वर शिळ्या पावाचा तुकडा आणि चीज. मी पावाऐवजी कडक भाकरी घेतली. ती मात्र ऐन वेळी घालावी, नाहीतर तिचा काला होतो.

दुसरं रातातूय, म्हणजे नीस गावाकडची वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि लसणाची भाजी. भाज्या वेगवेगळ्या परतून मग एकत्र शिजवायच्या. त्यांच्या झुकिनीच्या जागी आमचा दोडका. शेवटी डाळिंबाच्या रसात साखर घालून शिजवलेले पेरू.

संध्याकाळी सात वाजता सगळं तयार होतं आणि शेगडी बंद. सासूबाई सवयीनं दाराशी उभ्याच. लेकीनं हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "अगं, वाढणार कोण?" "भांडी मधोमध आहेत, आजी. ज्याचं त्यानं घ्यायचं."

सूप त्यांना आवडलं. रातातूय चाखून त्या म्हणाल्या, "वांगं बरंय, पण अळणी आहे गं." आणि शेंगाचटणीची बरणी मागवली. मग सगळ्यांनीच चटणी घेतली! दीड तास आम्ही बसलो होतो. दूरदर्शन संच बंद होता. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याच्या जत्रेची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती प्रथमच ऐकत होते.

सोमवारी पहाटे लेक हुतात्मा एक्स्प्रेसला निघाली, तेव्हा आजी तिला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पुन्हा ते फ्रेंच करू. भाकरी मी आधीच थापून ठेवीन."