तापमानाला कमाल मर्यादा आहे काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात पदार्थविज्ञानावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. इतिहास हा माझा विषय. परंतु काही प्रश्न कोणत्याही एका शाखेच्या मालकीचे नसतात. तापमानाला खालच्या बाजूस तळ आहे, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हा तो तळ; त्यालाच निरपेक्ष शून्य म्हणतात. मग वरच्या बाजूस तसे छत आहे काय? या प्रश्नाने यंदा मला पुरते पछाडले, आणि वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम तापमान म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही वस्तूतील अणुरेणू अखंड हालत असतात. ही हालचाल शिस्तीची नसते. जत्रेतल्या गर्दीसारखी ती वाटेल त्या दिशेने चाललेली असते. या धावपळीतील सरासरी ऊर्जेचे माप म्हणजे तापमान, असे ढोबळमानाने म्हणता येईल. ऊर्जा काढून घेत गेलो की हालचाल मंदावते. शेवटी अशी अवस्था येते की आणखी काढून घेण्याजोगे काही उरतच नाही. तळ असण्याचे कारण हे एवढेच.

आता कोणी म्हणेल, कणांना प्रकाशापेक्षा वेगाने धावता येत नाही; सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर ही वेगाची हद्द. तेव्हा तापमानालाही हद्द असलीच पाहिजे. हा युक्तिवाद सरळ दिसतो, पण तो टिकत नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार कण प्रकाशवेगाच्या जवळ जाऊ लागला, की त्याचा वेग नाममात्र वाढतो, ऊर्जा मात्र वाढतच राहते. वेगाला बांध आहे, ऊर्जेला नाही. आणि तापमानाचा हिशेब ऊर्जेशी आहे.

आमचे घर लोहाराचे. भात्यापाशी बसणारे माझे वडील तापमापक वापरीत नाहीत. लोखंडाच्या रंगावरून ते ताव ओळखतात. आधी काळपट तांबडा, मग केशरी, मग पिवळा, आणि पांढरट होऊ लागला की सांभाळायचे, कारण १,५३८ अंशांना लोखंड वितळते. त्यांनीच एकदा मला विचारले होते, “तू एवढं शिकतोस, तर सांग, आगीला वर कुठं अंत हाय का?” त्यांच्या रंगाच्या पारखीतच उत्तराची एक वाट आहे. तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते, आणि तापमान चढेल तशी त्या प्रकाशाची लहर आखूड होत जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांवर आहे. त्याच्या गर्भात तापमान दीड कोटी अंशांच्या घरात जाते. तेथे लहर इतकी आखूड होते की दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी क्ष-किरणच निघतात.

याहून वर काय? १९६५ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेतील रॉल्फ हागेडॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले, की छत आहे, आणि ते सुमारे २ लाख कोटी अंशांवर आहे. त्याच्या गणिताप्रमाणे त्या तापमानाजवळ आणखी ऊर्जा ओतली, तर कण अधिक वेगाने धावत नाहीत. त्या ऊर्जेतून नवनवे कणच जन्म घेतात. चुलीवरच्या अधणाला कितीही जाळ लावला, तरी पाणी १०० अंशांवरच अडून राहते, तसा हा प्रकार.

परंतु अधणाची उपमा पुढे नेली तर काय दिसते? सगळ्या पाण्याची वाफ झाली, की ती वाफ खुशाल १०० अंशांपेक्षा अधिक तापवता येते. १९७५ साली काबिब्बो आणि पारिसी या इटालियन शास्त्रज्ञांनी नेमका हाच मुद्दा मांडला. हागेडॉर्नला दिसली ती भिंत नव्हे. तो द्रव्याचा जणू उत्कलनबिंदू आहे. तेथे प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात आणि त्यांच्या आत कोंडलेले क्वार्क मोकळे होतात. पुढे प्रयोगांनी याला बळकटी दिली. सर्नमध्येच शिशाची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवून सुमारे साडेपाच लाख कोटी अंश तापमान गाठल्याचे २०१२ साली जाहीर झाले. या प्रयोगाच्या चमूत कोलकात्याचे शास्त्रज्ञही होते. ज्याला छत म्हटले होते, तो मधला मजला ठरला!

मग आज शास्त्रज्ञ कोठवर बोलतात? मॅक्स प्लांक याने १८९९ साली निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांवरून काही नैसर्गिक मापे काढली. त्यांतून जे तापमान निघते, ते १४ लिहून पुढे ३१ शून्ये मांडावीत एवढे प्रचंड आहे. तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाची लहर इतकी आखूड होईल, की त्या अंतरावर स्थळ आणि काळ यांविषयीच्या आपल्या कल्पनाच डळमळतात. तेथे कणाकणांमधील गुरुत्वाकर्षणही नगण्य राहत नाही. त्याचा विचार करण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि सूक्ष्म कणांचा पुंजसिद्धांत यांची सांगड घालावी लागते. प्रयोगाच्या कसोटीला उतरलेली अशी सांगड अजून कोणी घातलेली नाही.

कित्येक ठिकाणी प्लांक तापमानाला ‘विश्वातील कमाल तापमान’ म्हटलेले आढळते. माझ्या मते हा शब्दप्रयोग जपून करावा. निरपेक्ष शून्य ही निसर्गाची मर्यादा आहे. प्लांक तापमान ही आज तरी आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे. पलीकडे जाता येत नाही असे कोणी सिद्ध केलेले नाही. पलीकडचे सांगायला आपल्याजवळ गणित नाही, इतकेच.

हा भेद मला एवढा महत्त्वाचा का वाटतो? माझ्याआधी आमच्या घरातले कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. “आपली मजल इथवरच” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि सांगणारी माणसेही मायेचीच होती. ‘होणे नाही’ आणि ‘अजून झाले नाही’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाने मला शिकवले. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही ते उपयोगी पडेल असे वाटते.