सहरीची वेळ, जात्याची घरघर

पहाटेचे साडेतीन. रमजानमध्ये या वेळी आता मोबाइलचा गजर वाजतो. गावात पिठाची गिरणी आली नव्हती, तेव्हा ही वेळ जात्याची होती. दिवसाच्या भाकरीचे पीठ पहाटेच दळून ठेवायचे आणि दळता दळता ओवी म्हणायची. रोजा असलेल्या घरात सहरीची चूल पेटण्याआधी हे काम उरकावे लागे.

जात्यावरच्या ओवीला वाद्याची साथ नसते. खुंट्याच्या फेऱ्याचा ठेका आणि बाईचा श्वास, एवढ्यावर ती चालते. एकीने म्हणायची, समोर बसलेलीने उचलायची. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास असे मनातले सगळे त्यात यायचे. मराठी मुलखातल्या मुस्लिम बायकांनीही मराठीत ओव्या गायल्या.

जात्यावरच्या या गाण्याचे बळ विजापूरच्या सूफींनी ओळखले होते. आदिलशाहीच्या काळात, सतराव्या शतकात, त्यांच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले गेले. कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत धर्माची शिकवण गाण्यातून पोहोचली. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अल्लाच्या नावातले पहिले अक्षर, अलिफ, अशी त्यातली कल्पना. सूत कातताना म्हणायचे ‘चरखानामे’ही होते. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी 1978 च्या आपल्या ग्रंथात या गीतांची दखल घेतली आहे.

गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले. त्याचे वाईट कोण मानील? पण ओवी हातांच्या कामाला बांधलेली होती. जाते कोपऱ्यात गेले, तशी तीही गप्प झाली. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून एवढा ठेवा तरी राहिला.

तरीही ‘मुसलमानाच्या घरात कसली ओवी?’ असे समजून अनेक आज्यांना कोणी विचारतच नाही. नुसते ‘आठवतंय का?’ म्हटले तर त्याही मान हलवतात. खुंट्याला हात लागला, की शब्द ओठांवर येतात.

यंदा ईदला गावी जाणाऱ्यांनी आजीसमोर जाते मांडावे, मूठभर ज्वारी टाकावी आणि शेजारी बसावे. शेजारच्या काकूंनाही बोलवावे. ओवी उचलायला समोर कोणीतरी लागतेच.