पिस्तूल एक की दोन? वस्तूची ओळख आणि एक घरगुती वाद

मागच्या वेळी आपण नागसेन आणि राजा मिलिंद यांच्या संवादातला रथ बघितला. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. मग रथ कुठे आहे? व्याख्यान संपल्यावर एकांनी विचारलं, "सर, याचा व्यवहारात काय उपयोग?" आज त्या प्रश्नाचं उत्तर देतो. उदाहरण जरा विचित्र आहे, पण माझ्याच नात्यातलं आहे.

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याला नेमबाजीचा नाद. मुलगी झाली तेव्हा त्याने बायकोला शब्द दिला की आता घरात एक पिस्तूल आहे तेवढंच, दुसरं येणार नाही. गेल्या वर्षी त्याच्याकडे टपालाने एक खोकं आलं. त्यात एक नळी, एक स्लाइड, एक स्प्रिंग आणि एक मॅगझिन. बायको म्हणाली, "हे दुसरं पिस्तूल." हा म्हणाला, "छे, तेच पिस्तूल, फक्त कॅलिबर बदलायचं सामान." दोघांनी मला फोन लावला. "मामा, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत ना? आता सांगा, एक की दोन?"

आधी वस्तू समजून घेऊ. त्याचं पिस्तूल जॉन ब्राउनिंगच्या रचनेचं, अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं. कॅलिबर .४५ इंच, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची. काडतूस महाग, धक्का मोठा. सरावाला .२२ चं काडतूस बरं. त्याची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. आमच्या वेळी एनसीसीत आम्ही .२२ ची रायफल चालवली, ती याच कारणासाठी.

मग नुसती नळी बदलून का भागत नाही? अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी पुढे सुटते तेव्हा त्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस आत नेते. .२२ चा धक्का एवढा दुबळा, की .४५ ची जड स्लाइड पुरेशी मागे जाणारच नाही. शिवाय .४५ च्या काडतुसावर पिन मध्यभागी आपटावी लागते, .२२ च्या काठावर. म्हणून स्लाइड बदलते, पिन बदलते, स्प्रिंग बदलते, मॅगझिनही बदलतं. उलट .४० एस अँड डब्ल्यू आणि .३५७ सिग ही दोन काडतुसं घ्या. दुसरं पहिल्याचंच मान आवळून केलेलं, बूड तेच. तिथे बऱ्याच पिस्तुलांत नुसती नळी बदलली की काम होतं.

या .२२ च्या अडचणीवर एक सुंदर तोडगा निघाला. कोल्ट कंपनीने १९३८ मध्ये .४५ च्या पिस्तुलावर बसणारा .२२ चा संच विकायला काढला. त्यातली युक्ती डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगताना तुरुंगात बंदुकांच्या रचना करणारा हा माणूस. त्यांनी काडतूस बसतं तो कप्पा नळीपासून सुटा केला. गोळी सुटताना वायूचा दाब त्या कप्प्याच्या पुढच्या तोंडावरही पडतो, कप्पा किंचित मागे सरकतो आणि स्लाइडला जास्तीचा रेटा देतो. छोट्या काडतुसाला मोठ्याचा आव आणता येतो म्हणा ना!

आता प्रश्नाकडे वळू. भाच्याच्या हातात काय उरलं? खालची फ्रेम, चाप, मूठ. बाकी वरचं सगळं नवं. अमेरिकेचा १९६८ चा संघीय कायदा म्हणतो की फ्रेम म्हणजेच शस्त्र. नोंदीचा क्रमांक तिच्यावर असतो. म्हणून ते खोकं टपालाने आलं, कुणी चौकशी केली नाही. कायद्याने पिस्तूल एकच.

जर्मनीत जा. तिथे नळी आणि स्लाइड हेही शस्त्राचे आवश्यक भाग. त्यांची नोंद करावी लागते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्रे' या शब्दात शस्त्रांचे भागही येतात. सामान्य परवानाधारकाला .३२ चं पिस्तूल मिळू शकतं, .४५ किंवा ९ मिलिमीटरचं नाही. एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर परवान्याशिवाय करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

न्यायवैद्यक तज्ज्ञाला विचारा. तो गोळीवर नळीचे आटे बघतो, पुंगळीवर पिनचा ठसा बघतो. त्याच्यासाठी नळी आणि स्लाइड बदलली की साक्ष देणारं पिस्तूलच बदललं. फ्रेम त्याच्याशी फारसं बोलत नाही.

म्हणजे बघा, वस्तू तीच आणि उत्तरं वेगळी. यात कुणी चुकलं का? मला तसं वाटत नाही. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकी कायदा विचारतो, हे कुणी कुणाला विकलं? तज्ज्ञ विचारतो, ही गोळी कुठून आली? हॉब्जने १६५५ मध्ये थीसियसच्या जहाजाचा पेच आणखी अवघड केला. जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? त्याचंही उत्तर काहीसं असंच: तुम्ही कशाला नाव दिलंत, आकाराला की द्रव्याला, त्यावर ते अवलंबून.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "बाबा रे, तू कायद्याचं उत्तर घरच्या प्रश्नाला देतो आहेस. तू शब्द दिलास तेव्हा तिने काय मोजलं होतं, ते तिला विचार." तो गप्प झाला. मग ती म्हणाली, "मामा, मी पिस्तुलं मोजलीच नव्हती. घरात काडतुसांचा दुसरा डबा येणार, दुसरं मॅगझिन येणार, मुलीच्या हाताला लागेल अशी आणखी एक गोष्ट वाढणार. मी ते मोजत होते."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दोन कॅलिबरची काडतुसं एका घरात आली की चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत जाण्याचा धोकाही येतो, हे भाच्यानेच कबूल केलं. खोकं परत गेलं नाही, पण आता तो संच आणि त्याची काडतुसं क्लबमधल्या कुलुपाच्या कपाटात असतात. घरात मोजायला काही वाढलेलं नाही.

नागसेनाने रथ नाहीच असं म्हटलं नव्हतं. रथ हे नाव आपण व्यवहारासाठी देतो, एवढंच तो म्हणत होता. मी एवढीच भर घालतो की व्यवहार कुणाचा, हे आधी विचारावं. आपण शब्द देतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ एकट्या देणाऱ्याने ठरवायचा नसतो.

आता तुमचे प्रश्न घेतो.