संगणकाचे 'नाही'

मोठ्या मजकुरात एखादा लहान मजकूर आहे की नाही हे पाहणे, हे संगणकाचे अगदी प्राथमिक काम होय. संगणकाच्या परिभाषेत मजकुराला 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरा. दोऱ्यात मणी ओवावेत तशी तीत चिन्हे ओवलेली असतात. पायथन भाषेत 'इन' हा एक शब्द लिहिला की तपासणी होते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'इन्क्लूड्स' आहे. उत्तर दोनच प्रकारचे : 'आहे' किंवा 'नाही'. या 'नाही'चा नेमका अर्थ काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

तपासणीची साधी रीत अशी : शोधायचा शब्द मजकुराच्या आरंभी ठेवायचा आणि एकेक चिन्ह जुळवून पाहायचे. जुळले नाही की शब्द एक घर पुढे सरकवायचा. 1977 साली बॉयर आणि मूर यांनी शब्दाच्या शेवटाकडून जुळवत, मधली घरे गाळून उडी मारण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिने वेग वाढला. परंतु चिन्हाला चिन्ह जुळले पाहिजे, ही अट कायम राहिली.

मराठीत खरी अडचण येथेच आहे. कल्याणकडून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो, त्या नाक्याचे नाव कोठे 'शीळफाटा' तर कोठे 'शिळफाटा' असे लिहिलेले आढळते. माणूस दोन्ही एकच समजतो. आपल्याला यात चार अक्षरे दिसतात. संगणकाजवळ मात्र सात चिन्हे असतात : श, दीर्घ वेलांटी, ळ, फ, काना, ट, काना. दुसरे चिन्ह ऱ्हस्व असले की संगणक 'नाही' म्हणतो.

शुद्धलेखन अचूक ठेवले तरी प्रश्न सुटत नाही, कारण मराठी शब्द विभक्तीत रूप बदलतो. 'शीळफाट्यावर' या शब्दात 'शीळफाटा' नाही. ट नंतर काना न येता हलन्ताची खूण येते. 'ठाण्यात' मध्ये 'ठाणे' नाही, 'फुलाला' मध्ये 'फूल' नाही. 'कल्याणला' मध्ये 'कल्याण' मात्र आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्धा र तर संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना शब्द तंतोतंत सारखे, तरीही उत्तर 'नाही'!

उलट, संगणकाचे 'आहे' सुद्धा फसवे असू शकते. 'दिवा' हे स्थानकाचे नाव शोधावे, तर ते 'दिवाळी'त सापडते आणि 'आदिवासी' या शब्दाच्या पोटातही सापडते. 'ठाणे' शोधावे, तर राज्यातील प्रत्येक पोलीस ठाणे पुढे येते.

यावर उपाय आहेत. शब्दाची शेपटी कापून 'शीळफाट' एवढेच शोधावे, म्हणजे दोन्ही रूपे सापडतात. मात्र तोच उपाय 'दिवा'वर केला, तर 'दिव' उरते आणि प्रत्येक 'दिवस' जाळ्यात येतो. दुसरा उपाय म्हणजे तपासण्यापूर्वी दोन्हीकडील ऱ्हस्व-दीर्घ एकसारखे करून घेणे. मग शीळ आणि शिळ एक होतात. पण 'दिन' आणि 'दीन' हेही एक होतात. म्हणून जाळे सैल विणावे आणि सापडलेले माणसाने निवडावे, हा मार्ग मला बरा वाटतो.

कोणी म्हणेल, वेलांटीसाठी एवढा खटाटोप कशाला? आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे शेजारच्या मावशी, काकी मोबाईल घेऊन येतात आणि "यादीत नाव आहे का बघ गं" म्हणतात. यादी कधी मतदारांची असते, कधी एखाद्या योजनेची. 'सुनीता' लिहिले की 'नाही', 'सुनिता' लिहिले की 'आहे', असे घडते. पहिल्याच उत्तरावर ती बाई उठून गेली, तर तिचा हक्क एका वेलांटीपायी बुडतो. शिवाय यंत्राने सांगितले म्हणजे ते खरेच असणार, अशी या बायकांची समजूत असते. त्यामुळे त्या पुन्हा विचारतही नाहीत.

वास्तविक संगणक एवढेच सांगत असतो की, या क्रमाने ही चिन्हे येथे आढळली नाहीत. "तुमचे नाव नाही" असे तो म्हणत नाही. तो अर्थ आपण लावतो. म्हणून यादी शोधण्याची सोय करणाऱ्याने मराठीची ही रूपे आधीच ध्यानात घेतली पाहिजेत. आणि यादी पाहून देणाऱ्या आपण शिकलेल्यांनी, समोरच्याला 'नाही' सांगण्यापूर्वी वेलांटी बदलून आणि शेपटी कापून आणखी दोनदा शोधले पाहिजे.