आकडा एक, अर्थ अनेक : संगणकावर लोणारचे विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सर्वांच्या परिचयाचे आहे. बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून तयार झालेले हे विवर. त्याचा व्यास सुमारे १८३० मीटर असून काठापासून खोली सुमारे १५० मीटर आहे. समजा, या विवराची आकृती आपल्याला ऑटोकॅडसारख्या आरेखन-प्रणालीच्या साहाय्याने संगणकावर काढायची आहे. व्यासाची रेषा काढताना संगणक लांबी विचारतो. आपण १८३० हा आकडा टंकतो आणि पडद्यावर रेषा उमटते. पण ही रेषा १८३० काय? मीटर, फूट की इंच?

याचे उत्तर संगणकाच्या आकड्यात नसते. तो फक्त १८३० ही संख्या साठवतो. तिच्यामागे कोणते एकक आहे, हे काढणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून पहिली रेषा काढण्यापूर्वीच एककांची मांडणी करावी लागते. ऑटोकॅडमध्ये त्यासाठी ‘युनिट्स’ ही आज्ञा आहे. या आज्ञेत तीन वेगवेगळ्या गोष्टी ठरतात आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा कसा दाखवायचा. दशांश पद्धत निवडली तर १८३० हा आकडा तसाच दिसतो. फूट-इंचांची वास्तुशास्त्रीय पद्धत निवडली, तर प्रणाली एक एकक म्हणजे एक इंच असे गृहीत धरते. मग १८३० ला १२ ने भागले जाते आणि आपल्या विवराचा व्यास १५२ फूट ६ इंच असा दिसू लागतो! रेषा बदललेली नाही, साठवलेली संख्याही बदललेली नाही. बदलले ते फक्त तिचे वाचन.

दुसरी गोष्ट म्हणजे अचूकता. दशांश चिन्हापुढे किती अंक दाखवायचे ते येथे ठरते. संगणक आठ अंकही दाखवू शकतो. पण म्हणून मोजणी तितकी अचूक होत नाही. पंचवीस-तीस मीटरच्या टेपने घेतलेले माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिण्यात काहीच अर्थ नाही. प्रयोगवहीत सार्थ अंकांचा जो नियम आपण शिकवतो, तोच येथेही लागू आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आकृतीवर लावायची एककाची चिठ्ठी. दुसरी आकृती आणून जोडताना तिचा उपयोग होतो. समजा, विवराचा नकाशा मीटरमध्ये आहे आणि काठाजवळच्या एका देवळाचा आराखडा मिलिमीटरमध्ये. दोन्हींवर योग्य चिठ्ठी असेल, तर प्रणाली देवळाच्या मापांना आपोआप १००० ने भागते. चिठ्ठी नसेल, तर १२ मीटर लांबीचे देऊळ १२,००० एककांचे, म्हणजे या नकाशात १२ किलोमीटर लांब होते आणि सारे विवर त्याच्या सभामंडपात मावते. एवढी मोठी चूक डोळ्यांना लगेच दिसते. फूट आणि मीटर यांची गल्लत मात्र सहज दिसत नाही. म्हणूनच ती अधिक धोक्याची.

ती किती महाग पडू शकते ते पाहा. लोणार गावातील दैत्यसूदनाचे मंदिर संरक्षित स्मारक आहे. २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी घ्यावी लागते. आता एखाद्या स्मारकाचा नकाशा फुटांत काढलेला असेल आणि हद्दीबाहेर समांतर रेषा ओढताना कोणी नुसता १०० हा आकडा दिला, तर ती रेषा ३०.४८ मीटरवरच उमटेल. हद्दीपासून ६० मीटरवर ज्याची जागा आहे, त्याला नकाशा ‘मनाई नाही’ असे सांगेल. तो कर्ज काढून पाया भरील आणि मग नोटीस येईल. आकडा बरोबर होता. एकक चुकले होते.

क्षेत्रफळात ही चूक आणखी वाढते. लांबी ३.२८ पट चुकली, तर क्षेत्रफळ तिच्या वर्गाने, म्हणजे १०.७६ पट चुकते. लांबीची मिती एक आणि क्षेत्रफळाची दोन, असे आपण वर्गात सांगतो. त्याचा हा रोकडा अर्थ. विवर पूर्ण वर्तुळ मानले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २६३ हेक्टर, म्हणजे सुमारे ६५० एकर भरते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बोलण्यात मात्र एकर-गुंठे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही ‘जवळजवळ सारखेच’ म्हणून सोडून दिले, तर विवराएवढ्या क्षेत्रात सुमारे ३०० गुंठ्यांचा, म्हणजे साडेसात एकरांचा फरक पडतो. कोरडवाहू भागात एका कुटुंबाचे पोट एवढ्या जमिनीवर चालते.

आता प्रमाणाकडे वळू. कागदावर काढताना आपण आधी प्रमाण ठरवतो. संगणकावर मात्र आकृती खऱ्या मापातच काढावी आणि प्रमाण छापताना द्यावे. १ : १०,००० या प्रमाणात विवर १८३ मिलिमीटर रुंद येते व साध्या ए-४ कागदावर मावते. अक्षरे मात्र उलट हिशेबाने मोठी करावी लागतात : कागदावर ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल, तर आकृतीत ते ३० मीटर उंच लिहावे लागते. मापे दाखवणाऱ्या बाणरेषांवरील आकडा हाताने टंकू नये. प्रणालीलाच मोजू द्यावा. नाहीतर पुढे रेषा बदलते आणि जुना आकडा तसाच राहतो.

एककांची गल्लत मोठमोठ्या संस्थांनाही भोवली आहे. लोणारचा अभ्यास मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठीही केला जातो. त्याच मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने आवेग पाउंड-सेकंदांत दिला, दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला.

शाळेत संगणक नसला तरी हा धडा आलेख कागदावर देता येतो. विद्यार्थ्यांना विवराचा उभा छेद १ : १०,००० या प्रमाणात काढायला सांगावे. रुंदी १८३ मिलिमीटर आणि खोली फक्त १५ मिलिमीटर येते. खोल विहिरीची कल्पना केलेल्या मुलांसमोर पसरट परात उभी राहते. मग उभे प्रमाण पाचपट करून तीच आकृती पुन्हा काढू द्यावी. दोन्ही आकृत्यांतील आकडे तेच, पण उतार किती वेगळे दिसतात, याची चर्चा करावी.

शेवटी एक साधी सवय सांगतो. कोणतीही आकृती दुसऱ्याकडून आली की तिच्यातील एक ओळखीची वस्तू आधी मोजावी, उदाहरणार्थ दरवाजा. त्याची उंची २.१ आली तर आकृती मीटरमध्ये आहे, २१०० आली तर मिलिमीटरमध्ये, ७ च्या आसपास आली तर फुटांत आणि ८३ च्या आसपास आली तर इंचांत. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.