कामांत धाप कां लागते ?

गेल्या वर्षीं निंदणीच्या दिवसांत आमच्या बांधावर एक प्रसंग घडला. तो आम्हांस शोभणारा नाहीं. तरी आजचा विषय त्यावांचून नीट उलगडणार नाहीं, म्हणून सांगतों. सोयाबीनमध्यें बायका पाती धरून निंदीत होत्या. त्यांतील एक, वय तिशीच्या आंतले, दर अर्ध्या पातीस उठून बांधावर टेकावयाची, छातीवर हात ठेवून धापा टाकावयाची आणि थोड्या वेळानें पुन्हां कामास लागावयाची. बसली असतां तिला कांहीं झालें आहे असें मुळींच दिसत नसे. आम्हीं तिला चारचौघींत अंगचोर म्हटलें व रोजी कापण्याची भाषाही केली. पुढें तालुक्याच्या दवाखान्यांत तिचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांतील रक्तरंजकाचें माप दर शंभर मिलिलिटरांस ७.४ ग्रॅम निघालें. निरोगी बाईचें तें निदान १२ असावें लागतें. महसुली कारकुनींत तीस वर्षें आम्हीं मोजमापांत घालविलीं, पण या मापाची आम्हांस ओळख नव्हती.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आपण ओढतों त्या हवेच्या शंभर भागांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. बाहेर टाकतों त्या हवेंत तो सुमारें १६ भाग उरतो. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास १२ ते १६ वेळां, दर वेळीं अर्धा लिटर याप्रमाणें हवा घेतो. फुप्फुसें म्हणजे पोकळ भाते नव्हेत. त्यांत कोट्यवधि अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्या सर्व उकलून पसरल्या तर सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापानें पाऊण गुंठ्यास थोडें कमी, एवढें क्षेत्र भरेल. एवढी जमीन छातीच्या पिंजऱ्यांत घडी करून ठेविलेली आहे! या पिशव्यांची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ असून तिच्या एका अंगास हवा व दुसऱ्या अंगास रक्त वाहत असतें. प्राणवायु तिच्यांतून झिरपून पलीकडे जातो.

परंतु रक्ताच्या पाण्यांत प्राणवायु फारसा विरघळत नाहीं. एक लिटर रक्ताच्या पाण्यांत तो जेमतेम ३ मिलिलिटर मावतो. तेवढ्यावर मनुष्य जगणें शक्य नाहीं. खरा भार वाहतात त्या रक्तांतील तांबड्या पेशी. त्यांत रक्तरंजक नांवाचें लोहयुक्त द्रव्य असतें, त्यासच डॉक्टर लोक हिमोग्लोबिन म्हणतात. रक्तांत तें शंभरास १५ ग्रॅम असेल तर एक लिटर रक्त सुमारें २०० मिलिलिटर प्राणवायु उचलतें. शरीरांतील एकंदर लोह तीन-चार ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढें. आणि त्यांतील बहुतेक या एकाच कामीं लागलेलें असतें.

फुप्फुसांतून जाणारी तांबडी पेशी तेथें सुमारें पाऊण सेकंद थांबते. आणि भरून घेण्यास तिला पाव सेकंद पुरतो. म्हणजे निरोगी फुप्फुसांतून निघणारें रक्त विश्रांतींतही जवळजवळ पूर्ण भरलेलें असतें, आणि कष्टाच्या वेळीं तें वेगानें धांवूं लागलें तरीही भरूनच निघतें. नांगर धरण्यापूर्वीं चार दीर्घ श्वास घेतल्यानें बळ सांठतें अशी आमच्याकडे समजूत आहे. पण भरलेल्या पोत्यांत आणखी धान्य कोठून मावणार? दमा असेल किंवा विडीनें फुप्फुसें जळालीं असतील तर गोष्ट वेगळी. एरवीं तंगी फुप्फुसांत नसते.

मग कष्टांत अधिक प्राणवायु येतो कोठून? दोन ठिकाणांहून. पहिलें ठिकाण हृदय. विश्रांतींत तें मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त फिरवितें. जड कामांत १५ किंवा २० लिटर. दुसरें ठिकाण शिल्लक. विश्रांतींत मिनिटास १००० मिलिलिटर प्राणवायु अंगभर पाठविला जातो, पण खर्च होतो तो सुमारें २५०. बाकी तीन हिस्से तसेच परत येतात. काम सुरू झालें कीं स्नायु तापतात, त्यांत कर्बाम्ल वायु व आम्ल वाढतें, आणि अशा जागीं रक्तरंजक आपला प्राणवायु अधिक मोकळेपणानें सोडतें. कर्बाम्ल वायूचा हा परिणाम कोपनहेगन येथें क्रिश्चन बोर व त्यांच्या सहाय्यकांनीं १९०४ सालीं दाखविला. त्या सहाय्यकांपैकीं ऑगस्ट क्रोघ यांनीं पुढें असें दाखविलें कीं, स्नायूंतील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांपैकीं पुष्कळ विश्रांतींत मिटलेल्या असतात व कामाच्या वेळीं उघडतात. त्यांस १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस तर हें पाटकऱ्याचें काम वाटतें. ज्या वाफ्यास पाणी हवें त्याचें बारें फोडावयाचें, बाकीचीं बांधून ठेवावयाचीं. अशा रीतीनें राबणारा स्नायु आलेल्या प्राणवायूपैकीं तीन हिस्से, कधीं त्याहूनही अधिक, उचलतो.

आतां त्या बाईचा हिशेब मांडूं. तिचें रक्तरंजक पंधराच्या निम्में धरलें तर एक लिटर रक्त २०० ऐवजीं १०० मिलिलिटरच उचलणार. बसली असतां ५ लिटर रक्त ५०० मिलिलिटर पोंचवितें. गरज २५० ची. म्हणजे बसल्या जागीं कांहींच उणें पडत नाहीं, आणि पाहणारास ती धडधाकट दिसते. पण डोक्यावर भारा घेऊन चढण चढावयाची झाल्यास मिनिटास लिटराहून अधिक प्राणवायु लागतो. तिच्या हृदयानें शिकस्त करून १५ लिटर रक्त फिरविलें तरी दीड लिटर प्राणवायु निघणार, आणि त्यांतील तीन हिस्से, म्हणजे सव्वा लिटराच्याही आंत, स्नायूंच्या हातीं लागणार. दुसरी जें काम हंसत करते त्यासाठीं हिची सगळी शिल्लक संपते. स्नायूंस प्राणवायु अपुरा पडला कीं त्यांत आम्ल सांचतें, तें रक्तांत उतरतें, आणि मेंदूंतील श्वासाचें केंद्र तें जाणून श्वास वाढवितें. हीच ती धाप. छाती भात्यासारखी चालते, पण उणीव छातींत नसतेच.

ही उणीव विरळा नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणींचें रक्त कमी भरलें. पुरुषांत २५ जणांचें. मासिक पाळी, पाठोपाठचीं बाळंतपणें आणि लोहास पारखें अन्न हीं मुख्य कारणें. शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक आहे: अंकुशकृमि. उघड्यावर शौचास बसण्याच्या ओल्या जागीं त्याच्या अळ्या वाढतात, अनवाणी पायाच्या कातडींतून शिरतात आणि आंतड्यास चिकटून रोज रक्त पितात. लंकेंतील एका चहाच्या मळ्यांत रक्त कमी असलेल्या बायकांस लोह देऊन पाहिलें. न दिलेल्यांपेक्षां त्यांची पानांची तोड वाढली. हा अभ्यास १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. मजुरीच्या भाषेंत बोलणाऱ्यांस तरी हें पटावें.

लोहाच्या गोळ्या सरकारी उपकेंद्रांत मोफत मिळतात. त्या जेवणाबरोबरच्या चहानें निम्म्या वाया जातात; लिंबू किंवा आंवळा बरोबर असेल तर अधिक अंगीं लागतात. शौचास काळें होतें, त्यास भिण्याचें कारण नाहीं. आमच्या त्या बाईनें पूर्वीं एकदां एवढ्याच भीतीनें गोळ्या फेंकून दिल्या होत्या, हें तिनें पुढें आमच्या कुटुंबास सांगितलें. डॉक्टरांनीं जंतांचें औषध दिलें, गोळ्या पुन्हां सुरू केल्या. तीन महिन्यांनीं माप ११.२ झालें. तरीही आणखी कांहीं महिने गोळ्या घ्यावयाच्या आहेत, कारण अंगांतील सांठा भरण्यास वेळ लागतो.

यंदां निंदणीपूर्वीं आम्हीं आरोग्यसेविकेस घरीं बोलाविलें आणि मागच्या वर्षींचा शब्द सर्वांसमोर परत घेतला. त्या दिवशीं अकरा जणींचें रक्त तपासलें, त्यांत सात जणींचें १२ च्या आंत निघालें. त्या सातांत आमचें कुटुंबही होतें.