न केलेल्या गोष्टींचा हिशेब

“मी कोणाचे वाईट केले नाही,” हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. ते उच्चारणारी माणसे बहुधा खरेच बोलत असतात. ती चोरी करीत नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग अशा माणसाला चांगला म्हणावे की नाही? ज्या ख्रिस्ती घरात मी वाढले, तेथील श्रद्धा या प्रश्नाचे उत्तर जरा कठोर देते. ते मला पटले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एक श्रीमंत मनुष्य रोज उंची वस्त्रे लेऊन चैनीत राहत असे. त्याच्या दाराशी लाजर नावाचा, अंगभर फोड आलेला भिकारी पडून असे. दोघेही मरतात. लाजराला सुख लाभते, श्रीमंताच्या वाट्याला यातना येतात. त्या श्रीमंताने लाजराला मारले किंवा हाकलले, असे गोष्टीत कोठेही नाही. दारातल्या माणसासाठी त्याने काही केले नाही, एवढाच त्याचा अपराध. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतही जखमी प्रवाशाला टाळून पुढे गेलेले दोघे लुटारू नव्हते. ते मंदिराच्या सेवेतले होते.

कॅथलिक मिस्साच्या आरंभी पापांची कबुली देतात. १९७० च्या नव्या मिस्सा-ग्रंथापासून त्या प्रार्थनेत विचार, शब्द व कृती यांच्या जोडीला चौथी गोष्ट आली : जे करायला हवे होते ते न करणे. मला ही चौथी गोष्ट सर्वांत अवघड वाटते. केलेले पाप आठवते; न केलेले काम आठवतच नाही.

ते आठवावे कसे? माझे आईवडील शाळेत गेलेले नाहीत. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आई आम्हा भावंडांना विचारते, “आज कुणाचं काय करायचं राह्यलं?” काय चुकले, असे ती विचारीत नाही. कधी शेजारच्या आजीचे औषध राहिलेले असते, कधी कोणाचे पत्र वाचून दाखवायचे. एका हंगामात गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय, हा विषय असाच निघाला. दुसऱ्या दिवशी माझे वडील, जे आजही अंगठा उठवतात, चार मुलांना घेऊन शाळेत गेले. ती मुले तीन महिने वर्गात बसली, मग टोळी निघून गेली. एवढेच झाले. पण तेवढे तरी झाले.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. “माझे काम मी करीत आहे,” असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. चांगले काम चालू असतानाही त्यांनी दाराबाहेर पाहणे थांबविले नाही.

अर्थात असा हिशेब ठेवण्याचाही गर्व होऊ शकतो. येशूच्या दुसऱ्या एका गोष्टीतला परुशी आपले उपास व दानधर्म देवालाच मोजून दाखवितो. म्हणून हा हिशेब दुसऱ्याच्या नावे मांडायचा नाही, स्वतःच्याच नावे मांडायचा.

हे केवळ ख्रिस्ती माणसांपुरते आहे, असे मी म्हणत नाही. मला ते या वाटेने मिळाले इतकेच. एस. टी. स्टँडवर एखाद्या मुलीची छेड काढली जाते, तेव्हा छेडणारे दोन असतात आणि बघे चाळीस. फी न भरल्यामुळे वर्गातला एखादा चेहरा दिसेनासा होतो, तेव्हा त्याला आपण कोणी घालवलेले नसते. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, “मी काय केले?” या प्रश्नाला अशा वेळी आपणा सर्वांचे उत्तर निर्दोष असते. म्हणूनच तो प्रश्न अपुरा आहे.